ह्यांची मोटरसायकल

दि. ११ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

परवा तू भेटून गेलास, बरं वाटलं. तू गेल्यावर खुंटीकडे नजर गेली आणि ते बरं वाटणं तिथेच संपलं. ह्यांच्या मोटरसायकलची किल्ली तू नेलीस! आधी वाटलं, चुकून गेली असेल. मग गॅरेजवाल्याने सांगितलं की जाता जाता तू त्यालाही दम भरलास, माझ्या बहिणीला गाडी शिकवलीस तर बघ म्हणून.

दादा, मी त्रेपन्न वर्षांची आहे. पडदे शिवून पोट भरते. लोकांच्या घरी खिडक्यांची मापं घ्यायला जावं लागतं, शिवलेले पडदे पोचवावे लागतात. हे होते तोवर ह्यांच्या मागे बसून गेले. आता गाठोडं बघितलं की कंडक्टर तोंड फिरवतो. गेल्या आठवड्यात मला थांब्यावर ठेवून बस गेली, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. गाडी दारात गंजतेय आणि मी गाठोडं घेऊन रस्त्यात उभी!

किल्ली उलट टपाली पाठव. वहिनीला नमस्कार. राग आहे म्हणून लोभ आटला असं समजू नये.

तुझी ठकी


दि. १९ जानेवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

एवढं टाकून बोलणारं पत्र मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं. किल्ली माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील. या वयात हाडं मोडली की जुळत नाहीत. लोक हसतील ते वेगळंच. आमच्या गल्लीत कळलं तर मला तोंड दाखवायला जागा उरायची नाही. आणि गाडी आडवी झाली तर उचलणार कोण? मापं घ्यायला कुणीतरी माणूस ठेव. तुझे यजमान गेले, आता तुझी काळजी मी नाही तर कोण करणार?

तुझं पत्र वाचल्यापासून तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. तेही तुझ्यामुळेच.

प्रकृतीस जपावे, आणि माझं ऐकावे.

दादा


दि. २ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

किल्लीवाल्याकडून नवी किल्ली करून घेतली. गॅरेजवाल्याने तुझ्या दमाला भीक घातली नाही. ह्यांची गाडी इतकी वर्षं त्यानेच राखली, ती अशी कुजताना त्याला बघवत नाही म्हणाला.

शाळेमागच्या मैदानावर शिकले. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. एकदा वळताना आडवी झालेच. कोपर सोललं. बाकावरच्या दोन गृहस्थांनी मान हलवली आणि पुन्हा पेपरात डोकं खुपसलं. गॅरेजवालाही म्हणाला की पडली तर कुणा पुरुषाला हाक मारायची. असा संताप आला! आडरस्त्याला कुणाला हाक मारू? मी त्याला म्हटलं, आधी उचलायला शिकव, मग चालवायला.

गाडीकडे पाठ करून उकिडवं बसायचं, एक हात हँडलला, दुसरा सीटखाली, आणि पाय रेटत मागे मागे जायचं. उठली, दादा! तेव्हा हे इतके आठवले की मी तिथेच उभी राहून रडले. मग किक मारली.

परवाना मिळालाय. रविवारी जेवायला येतेय, वहिनीचे पडदे घेऊन. चिडलास तरी ताट वाढून ठेवावे.

तुझी ठकी


दि. १० मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तू आलीस, जेवलीस, पडदे लावून गेलीस. मी घुम्यासारखा बसून होतो, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

तू गेल्यावर शेजारचे वकील आले आणि हसत हसत म्हणाले की या वयात तुमच्या बहिणीला हे काय सुचलं, हाडं मोडून घेतील. शब्द न् शब्द माझाच होता. पण त्यांच्या तोंडून ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. मी त्यांना विचारलं, ती स्वतःच्या कष्टाचं खाते, तुम्हाला साधी सायकल तरी येते का? आवाज इतका चढला की वहिनी मला आत ओढायला लागली. वकिलांचं आणि माझं बोलणं बंद झालंय. मला त्याचं काही वाटत नाही.

तुझ्यावरचा राग मात्र तसाच आहे. वकिलांनी तुला पाहिलं ते गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी लावताना. तिथून दोन्ही हातांत गाठोडी घेऊन तू घरापर्यंत चालत आलीस, माझी लाज राखायला. हे मला सहन होत नाही, ठके.

पुढच्या खेपेला गाडी थेट दारात आणायची. कोपऱ्यापासून हॉर्न वाजवत ये. मी फाटक उघडून उभा असेन.

दादा