तू तोंड फिरवायचीस तेव्हा

प्रिय शालूआत्या,

गेल्या रविवारपासून बाबा तुझ्याबद्दल बोलायला लागलेत. राम घाटावर तुझे शेवटचे विधी उरकून आलो, त्यानंतर इतक्या वर्षांत त्यांनी तुझं नाव फारसं घेतलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी चहा घेताना ते मला काही ना काही विचारतात. ताई असं का करायची, ताईला हे दिसत असेल का. मला निम्म्याहून जास्त उत्तरं येत नाहीत. म्हटलं, तुलाच विचारावं.

आधी तुला एक बातमी द्यायला हवी. मी फुटबॉल खेळते. हस तू. चाळिशी उलटल्यावर, गुडघ्याला पट्टा बांधून, दर रविवारी सकाळी. आणि दुसरी बातमी अशी की मला नीट दिसत नाही. मला वाटतं, तुला जे होतं तेच मला झालंय.

तुला काही होतं हे आपल्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. की तुला माहीत होतं?

मला कळलं ते असं. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना शब्दांमधली अक्षरं गायब व्हायला लागली. चष्मा बदलला, परत बदलला. शेवटी इंदूरला एका डॉक्टरांनी समोर बसवलं आणि म्हणाले, माझ्या नाकाकडे बघा, काय दिसतं? मी म्हटलं, सर, नाक सोडून सगळं दिसतंय. कान तर छान दिसताहेत. ते हसले नाहीत. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चाललाय म्हणाले. कडेकडेचं दिसत राहील, पण जिथे नजर लावाल नेमकं तिथेच काही नसेल. हे घराण्यातून येतं, एकाच घरात कुणाला लहानपणी, कुणाला उशिरा. तुमच्याकडे कुणाला आहे का?

मी नाही म्हणून सांगितलं. परत येताना बसमध्ये शेजारच्या बाईंनी मला काही विचारलं. त्यांचा चेहरा दिसावा म्हणून माझी मान नकळत जरा बाजूला वळली, आणि एकदम तू आठवलीस.

तुझी ती मान, आत्या! कुणी बोलायला आलं की तू तोंड फिरवायचीस. समोरच्याला वाटायचं, हिला आपल्याशी बोलायचं नाही. फ्रीगंजमध्ये आपल्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "बड़ी घमंडी है, नमस्ते का जवाब तक नहीं देती." देवासहून तुला बघायला लोक आले होते, तेव्हाही तू म्हणे पूर्ण वेळ भिंतीकडे बघत बसलीस. त्यांनी निरोप पाठवला की मुलीच्या मनात दिसत नाही. आजी ही गोष्ट किती वेळा सांगायची. पण तू भिंतीकडे बघतच नव्हतीस ना? तू त्या मुलाला बघत होतीस. कसा होता गं तो?

परवा मी सगळे जुने फोटो काढले. जाड भिंग लावून एकेक पाहिला. एकाही फोटोत तू समोर बघत नाहीस. प्रत्येक वेळी उजवीकडे. मी डावीकडे वळते. माझी नीट दिसायची जागा डावीकडे आणि तुझी उजवीकडे असं का असेल? तुला ती कधी सापडली? मला सापडायला दोन पावसाळे गेले, आणि ती मला मैदानावर सापडली.

झालं असं की डॉक्टरांनी मला एका केंद्रात पाठवलं. फोनवर अक्षरं मोठी कशी करायची, रस्ता कसा ओलांडायचा, असलं सगळं तिथे शिकवतात. तिथे फरीद भेटला. भैरवगढचा, घरी कापडाच्या छपाईचं काम. त्याला जन्मापासून अंधुक दिसतं. एक दिवस त्याने विचारलं, दीदी, इतवार को क्या करती हो? मी म्हटलं, कपडे धुते. तो म्हणाला, कपडे शनिवारी धुवा आणि ग्राउंडवर या. तिथे सगळे आमच्यासारखेच, कुणाला मधलं दिसत नाही, कुणाला कडेचं, कुणाला उन्हात काहीच नाही. फक्त गोलकीपर डोळस. त्याचं नाव दीपेश. तो मागून ओरडून सांगत राहतो, उजवीकडे मोकळं आहे, मागे माणूस आहे. चेंडू झगझगीत पिवळा. गोलचे खांब पांढरे असल्यामुळे आम्हाला उन्हात हरवतात, म्हणून फरीद घरून लाल रंगवलेलं कापड आणून त्यांना गुंडाळतो.

आणि पास मागायचा तर आपलं नाव ओरडायचं. हे ऐकलं आणि मला तुझी बालवाडी आठवली. पुढच्या खोलीत तू मुलांना दारातच थांबवायचीस आणि म्हणायचीस, "ज्याने त्याने आपलं नाव मोठ्याने सांगून आत यायचं." आम्हाला तो खेळ वाटायचा. मीसुद्धा ओरडत यायचे. तुला आमचे चेहरे दिसत नव्हते, हो ना? किती हुशारीने चालवलंस गं सगळं, आणि एकटीने!

सुरुवातीचे महिने मला चेंडू मिळेचना. येताना दिसायचा, पायाशी आला की नाहीसा. मी त्याच्याकडे डोळे फाडून बघायचे आणि तो माझ्या नजरेखालून निघून जायचा. एकदा फरीद वैतागून म्हणाला, "दीदी, बॉल को मत देखो. बॉल के बाजू में देखो." मला वाटलं, चेष्टा करतोय. पण करून पाहिलं. तोंड डावीकडे वळवलं, दूरच्या कुंपणाकडे बघितलं, आणि कडेने पिवळा गोळा स्वच्छ येताना दिसला. पायाने थांबवला. आत्या, कुठलीही हरवलेली वस्तू सापडल्यावर मला इतका आनंद झाला नव्हता.

तुला हे कुणी सांगितलं होतं का? की तू आपलं आपणच शोधलंस? आणि तुला वाटायचं का, की सगळ्याच माणसांना असंच दिसतं, बाकीचे फक्त उगाच एकमेकांच्या तोंडाकडे बघतात?

बाबांना माझं खेळणं पसंत नव्हतं. पडशील, हाडं जुळायची नाहीत या वयात, हे दर शनिवारी. शाळेत मी माझ्या डोळ्यांचं सांगून टाकलं होतं. आता मी तोंडी परीक्षा घेते आणि वह्या दुसऱ्या बाई तपासतात. तेही त्यांना आवडलं नव्हतं. घरातली गोष्ट घरात ठेवावी म्हणाले. गेल्या रविवारी मात्र माझी नेहमीची रिक्षा आली नाही, म्हणून ते मला सोडायला आले आणि ऊन चढायच्या आत परत जातो म्हणत बाकावर बसले.

त्या दिवशी सामना होता. समोर एका कोचिंग क्लासमधली मुलं, सगळी डोळस. ती आम्हाला सांभाळून खेळत होती. माझ्यापाशी आली की पळणं थांबवायची, जणू मी रस्ता ओलांडणारी आजी. मध्यंतरात फरीद त्यांच्याकडे गेला आणि शांतपणे म्हणाला, "भाई, हम खेलने आए हैं. खेलना हो तो खेलो, नहीं तो चाय पीते हैं." मुलं ओशाळली. त्यानंतर ती खरी खेळली. दोघांच्या धक्क्याने मी आडवी झाले, कोपर सोललं. बाबा उठून उभे राहिल्याचं मला दिसलं नाही, दीपेशने नंतर सांगितलं. मी उठले, कपडे झटकले आणि ओरडले, "मनू, मनू!" फरीदने लांबून जोरात चेंडू मारला. मी मान वळवली, कुंपणाकडे बघितलं, चेंडू पायाखाली घेतला आणि बाजूच्या मुलीला दिला. एवढंच. तिचा फटका खांबाच्या बाहेर गेला. आम्ही हरलो, चांगले हरलो.

परतताना रिक्षात मला वाटलं, बाबा कोपराचं रक्त बघून आता खेळणं बंद करायला लावतील. टॉवर चौक मागे पडला तेव्हा ते बोलायला लागले.

"आम्ही रेल्वे क्वार्टरच्या मागे चेंडू खेळायचो. मी मारायचो, ताई अडवायची. एक सुटायचा नाही तिच्याकडून. आणि बघायची कुठे, तर तिकडे पाण्याच्या टाकीकडे. मला वाटायचं, मी एवढा जीव तोडून मारतोय आणि ही बघतसुद्धा नाही. मला कधी किंमतच दिली नाही तिने."

मी त्यांना सांगितलं की मलाही चेंडू असाच दिसतो, तोंड कुंपणाकडे केल्यावर. तुमचं दोघांचं कधी उघड भांडण झालेलं मला आठवत नाही, पण एका घरात राहून तुमच्या गप्पाही आठवत नाहीत. त्याचं मूळ इतकं जुनं असेल, हे मला ठाऊक नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "म्हणजे मनू, ती तोंड फिरवायची, तेव्हाच मला बघत असायची?"

मी म्हटलं, हो बाबा.

घर आलं तरी ते उतरले नाहीत. रिक्षावाल्याने दोनदा हाक मारली.

तू का नाही गं सांगितलंस? एवढी एकच तक्रार आहे माझी. आजीला नाही, आजोबांना नाही, पण निदान आपल्या धाकट्या भावाला? की सांगितलं होतंस, आणि त्या वयाच्या पोराला ते बहाणा वाटलं? की तुलाच शब्द सापडले नाहीत? ते मला पटू शकतं. डॉक्टरांनी नाव सांगेपर्यंत माझ्याकडे तरी कुठे होते?

तेव्हापासून बाबा एकेक प्रसंग काढतात. स्वतःच्या लग्नात ते तुझ्या पाया पडले आणि तू मांडवाच्या खांबाकडे बघितलंस. बदली रद्द झाली म्हणून पेढे आणले आणि तू खिडकीकडे तोंड केलंस. प्रत्येक वेळी विचारतात, तेव्हा ती मला बघत होती? मी हो म्हणते, आणि त्यांचा चेहरा, मला जेवढा दिसतो तेवढा, जरा सैल होतो. आयुष्यभराची बहीण परत मिळाल्यासारखे वागताहेत ते.

काल मात्र त्यांनी बालवाडीचं काढलं. माझ्या दादाच्या लग्नाच्या वेळी पुढची खोली हवी म्हणून बाबांनी तुझी बालवाडी बंद करायला लावली, ती गोष्ट. त्या दिवशी तू तोंड फिरवलंस, आणि नंतर महिनाभर त्यांच्याशी बोलली नाहीस. काल फार आशेने त्यांनी विचारलं, "तेव्हाही ती मला बघतच होती ना गं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. म्हातारा माणूस, हातातला चहाही विसरलेला. पण मी म्हटलं, माहीत नाही बाबा. तेव्हा ती चिडलीही असेल. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "चिडली असेल. चिडायलाच हवं होतं तिने."

आत्या, मी तुला शब्द देते. तुझ्या डोळ्यांबद्दल मला जे जे कळेल ते मी बाबांना सांगत राहीन, त्यांच्या मनातला एकेक गैरसमज काढत राहीन. पण तुझा खरा राग मी तुझ्या डोळ्यांच्या नावावर खपवणार नाही. तो तुझा आहे, आणि तुझाच राहील.

तुझी भाची,
मनू