एक ईमेल, एक माणूस

९ नोव्हें., नांदेड
माझा दोस्त गोविंद लातूरहून आला. अंगात त्या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीचा टी-शर्ट, पाठीवर कंपनीची सॅक, पाण्याची बाटली बी कंपनीची. म्हटलं, चड्डी कुणाची रे? हसला. मग मुद्द्यावर आला. आमची रक्तदात्यांची साइट कंपनीच्या तयार सांगाड्यावर, फ्रेमवर्कवर न्यायची म्हणतो. सर्व्हर फुकट, लॉगिन फुकट, डेटा ठेवायला जागा फुकट.
म्हटलं, माझं जुनं पीएचपी, हातानं लिहिलेला कोड, काय वाईट हाय? साधं पान. खेड्यात डबड्या फोनवर बी उघडतं. नाव, रक्तगट, मोबाईल नंबर, खलास.
"युसफ्या, तू मेल्यावर तुझं पीएचपी कोण बघणार? लातूरची पोरं हेच शिकून राहिली."
"अन पोरांनी काय शिकायचं ते कोण ठरवतं?"
कंपनीच्या बाटलीतलं पाणी प्याला. तो शिकवतो त्या कॉलेजातली लॅब बी कंपनीनंच दिलेली.

१६ नोव्हें., लातूर
आज झोयाला रक्त चढवलं. माझ्या बहिणीची, शाहीन आपाची एकुलती एक पोर. थॅलेसेमिया, त्यात गट ओ निगेटिव्ह. दर तीन-चार आठवड्यांनी हेच. साइट हिच्यासाठीच काढलेली, मग बाकीची लेकरं जोडली गेली. गोविंद तिच्या खाटेवर बसून कागदाची विमानं करत होता. "मामू, ये वाला उडताच नै" म्हणून तिनं त्याला झापलं. याच्याशी भांडायचं तरी कसं?
बाहेर चहा घेताना म्हणाला, मी एकटा किती दिवस सांभाळू? तू आपल्या कामात. खरं हाय ते. म्हटलं, कर बाबा.

३० नोव्हें.
साइट गेली तिकडं. पान उघडायला वेळ लागतो, गोल फिरत बसतं. गोविंदला विचारलं, नुसत्या मोबाईल नंबरवर ओटीपी पाठवून लॉगिन का न्हाई? त्याला कंपनी पैसे घेते. कंपनीचा ईमेल वापरून लॉगिन केलं तर फुकट. म्हणजे फुकटाच्या दारातून आत घ्यायचं अन दुसरी सगळी दारं लावून घ्यायची!
"आपल्या लोकांना ईमेल कुठं असतो?"
"फोन चालू करतानाच लागतो. प्रत्येकाच्या फोनमध्ये असतोच."
असतोच. माझ्या बी फोनमध्ये होता.

१४ डिसें., उमरी
बाजाराचा दिवस. नावनोंदणीचं शिबिर जोरात. माधवच्या मोबाईल दुकानासमोर मांडव. ज्याला जमेना त्याला माधव भरून देत होता, पोरगा लई पळाला. गोविंदनं रजिस्टर ठेवू दिलं न्हाई. कंपनीच्या फ्लेक्सवर 'कागदमुक्त' लिहिलेलं, फोटोत वही दिसली तर बरं न्हाई म्हणे.
तीन जण ओ निगेटिव्ह निघाले, तीन! एक वेल्डर, गालावर भाजल्याचा डाग. हात धरून म्हणाला, "कव्हा बी बोलवा भाऊ, म्या येतो." परतताना गाडीत मी गाणं म्हणत होतो. बायकोला फोन करून बी सांगितलं.

५ जाने.
झोयाचं हिमोग्लोबिन पार खाली. ब्लड बँकेत ओ निगेटिव्ह न्हाई, दाता आणा म्हणतात. साइटवरच्या जुन्या दात्यांत एकाला कावीळ, बाकीच्यांना देऊन तीन महिने झाले न्हाईत. म्हटलं, फिकीर कशाला, उमरीचे तीन हायेत की.
उमरी शोधलं. एकच दाता. अख्ख्या बाजारातला एकच! कुणी रावसाहेब, वय एकाहत्तर, बी पॉझिटिव्ह. पुन्हा पुन्हा उघडून बघितलं.

६ जाने., उमरी
मांडवाच्याच जागेवर माधवनं सगळं सांगितलं. फोन विकला की गिऱ्हाइकाला ईमेल लागतो. म्हातारी-कोतारी, शेतावरच्या बाया, कोण काढत बसणार? गावात फोन विकणारं दुकान याचंच, अन यानं दुकानाचा एकच ईमेल सगळ्यांच्या फोनमध्ये टाकलेला. वर्षानुवर्षं.
"लोकं पासवर्ड विसरत्यात सर. एकच असला की मला याद राहतो."
आमच्या नव्या साइटला मात्र एक ईमेल म्हणजे एक माणूस. पुढचा आला की मागचा पुसला. नाव, गट, नंबर, सगळं. शेवटी आले रावसाहेब.
पोरगा रडकुंडीला आला होता. याच्यावर काय चिडू? गावाच्या सोयीसाठी केलं त्यानं.

७ जाने.
गोविंदशी फोनवर कडाक्याचं भांडण. म्हणतो, यूजरची चूक. म्हटलं, हलकटा, यूजर म्हणजे उमरी हाय, अमेरिका न्हाई! पुसलेलं परत मिळेल का म्हणून कंपनीला लिहिलं होतं. यंत्रानं उत्तर दिलं, फुकटच्या खात्याला ती सोय न्हाई.
मग तो एकदम बारीक आवाजात म्हणाला, "तुझी भाची, ती माझी कुणी न्हाई का रे?"
मी फोन ठेवला. आपलेच दात, आपलेच ओठ.

९ जाने., लातूर
कंपनीला आमची साइट जाहिरातीत घ्यायचीय. झोयाचा फोटो, खाली 'तंत्रज्ञानानं वाचवलेला जीव'. आपानं सही दिली तर त्यांच्या सगळ्या पेजवरून रक्तासाठी हाक देतील. गोविंद मान खाली घालून सांगत होता. एवढंच करता आलं म्हणाला, त्यासाठी हातापाया पडलो त्यांच्या.
म्हटलं, वाचवला कुणी? पोर पांढरीफटक पडलीय तिथं.
आपानं मलाच विचारलं. "भाई, करूं क्या सही?"
तोंडात शिव्या आल्या होत्या. पण उमरीच्या तिघांचा पत्ता न्हाई, ब्लड बँक रिकामी, अन हिच्या डोळ्यांत बघवेना. म्हटलं, कर आपा.

११ जाने.
गालावरचा डाग सांगत विचारत फिरलो, तेव्हा आज सकाळी उमरीत त्या वेल्डरचं दुकान सापडलं. कुलूप. शेडच्या कामाला हैदराबादकडं गेलाय. शेजाऱ्यानं नंबर दिला, तो बंद. "दोन दिसांत येतो म्हणला व्हता, येईल का न्हाई काय की." बाकी दोघांचे तर चेहरे बी आठवेनात.
दुपारी लातूर. डॉक्टर म्हणतात, आता थांबू नका. झोया डोळे मिटून पडलेली, विमान पुढं केलं तर हात उचलला न्हाई. तिचा फोटो मात्र फिरून राहिला जगभर. आपा फोन हातात घेऊन बसलेली, फोटोखालचे लाल बदाम सारखे वर सरकवत होती.
"लोगां दिल भेजरे भाई, खून कोई नै भेजरा."
गोविंद ब्लड बँकेच्या दारात उभा हाय. मी परत उमरीला निघालो. कुलूप असलं तरी वेल्डर येईपर्यंत तिथंच बसतो.