आईच्या अर्ध्या गोळ्या

आई,

चष्म्याच्या डबीत तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या सापडल्या. सगळ्या सुरीने अर्ध्या केलेल्या. भारतातून येताना आणलेल्या संपत आल्यात आणि इथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नव्या मिळत नाहीत, हे तू मला तीनदा सांगितलंस. तिन्ही वेळा मी "बघतो गं" म्हणालो. चौथ्यांदा तू काही बोलली नाहीस, तेव्हा मला वाटलं, चला, किरकिर थांबली एकदाची.

आज रजा टाकलीये. तुझी जुनी फाईल घेऊन दवाखान्यात नंबर लावायला जातोय. दहाला तुला न्यायला येतो, तयार राहा. आज दोन अर्ध्या घे, मुकाट्याने.

भाजी मी आल्यावर चिरेन. सुरी माझ्या कपाटात आहे, आणि किल्ली माझ्या खिशात.