दोन दिवस वावरात जाऊ नका

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज लिहायला बसले ते एका इंग्रज माणसाच्या वाक्यावरून. मी आर्णीत घरी बसून एका गटाचं काम करते. फवारणीचं औषध कुणाच्या जिवावर बेतू नये म्हणून देशोदेशीची माणसं मिळून सूचनापत्रकं काढतात. मूळ मजकूर हे इंग्रज गृहस्थ लिहितात, आणि केनियाची एक बाई, व्हिएतनामचा एक जण आणि मी तो आपापल्या भाषेत आणतो. त्यांचं इंग्रजी फार गोड, पण वाक्य एकदा निघालं की गावभर हिंडून घरी येतं. मीटिंगमध्ये ते विचारतात, सगळं स्पष्ट आहे ना? आम्ही तिघं माना हलवतो. मराठी शाळेतून इथवर पोचल्यावर कळलं नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

परवाचं पत्रक औषध मारल्यावर वावरात परत कधी जायचं याचं होतं. मध्ये दोनेक दिवसांचा अवधी जाऊ दिल्यास कदाचित अधिक इष्ट ठरेल, असं काहीसं त्यांनी लिहिलं होतं. मीही तस्संच मराठीत उतरवलं आणि स्वतःवर खूश झाले. मग तुमची आठवण झाली. बाभुळगावला तहसीलसमोर तुमचं अर्ज लिहायचं टेबल आहे, मी नववीत आहे, डबा घेऊन आले आहे. एका बाईचा अर्ज तुम्ही मला लिहायला देता. मी 'सविनय' आणि 'कृपावंत होऊन'ची रास घालते. तुम्ही तो वाचून दाखवता आणि नेहमीप्रमाणे बाईलाच विचारता, "आता तुमी सांगा, काय लिवलं?" तिला सांगता येत नाही. "लई चांगलं लिवलं पोरीनं," एवढंच म्हणते. तुम्ही तिच्यादेखत कागद फाडता. "हे तू मास्तरसाठी लिवलं. तिले कळलं का नाही, हे ते बाईच सांगीन. तू कायले सांगतं?" त्या दिवशी मला तुमचा भयंकर राग आला होता.

तर शेजारच्या काकूंना बोलावलं. त्या रोज लोकांच्या वावरात निंदणाला जातात. पत्रक वाचून दाखवलं आणि म्हटलं, आता तुम्ही सांगा. "जमलं तं दोन दिस थांबा, नाही जमलं तं जा. असंच ना? मंग मी उद्या जातोच. आजच फवारा मारला त्यायनं, मालक थोडाच थांबते." मी लगेच गृहस्थांना लिहिलं. तासाभरात उत्तर आलं: जायचं नाहीच, त्यात कदाचित कुठलं? त्यांच्याकडे मोठ्या माणसांना बजावायचं ते असंच, नका म्हणणं उद्धटपणाचं. त्यांनी माफी मागितली आणि वाक्य पाच शब्दांत आणलं. काकूंना मी जाऊ दिलं नाही. मालकाशी स्वतः बोलले, तो कुरकुरत का होईना तयार झाला.

आता ते छोटी वाक्यं लिहितात. केनियाच्या बाईनं मला एकटीला कळवलं, तिनंही ते 'शक्य झाल्यास' असंच घेतलं होतं. गटात माझं कौतुक चाललंय. पण बाबा, मी गृहस्थांना लिहिलं ते असं, की आमच्या शेतमजुरांना तुमचं वाक्य समजत नाही. काकूंना तर सगळं बरोबर समजलं होतं, मी लिहिलं होतं तेच. समजलं नव्हतं ते मला. हे तुम्हाला सांगते आहे, कारण तुमच्यापर्यंत पोचणार नाही. त्यांना अजून कळवलेलं नाही.