सातवा ठसा

३ नोव्हेंबर

नोकरीचा पहिला दिवस, आणि मी भलतीच खूश! वर राहायला खोली, खाली कारखाना. लोकांची डिजिटल कुलपं बारा शब्दांनी उघडतात. फोन बिघडला तरी ते शब्द त्याच क्रमाने हाताशी असले की झालं. आम्ही ते पोलादी पट्टीवर उमटवून देतो. कपाटात दोन हजार अठ्ठेचाळीस ठसे, शब्दाला एक. मग एकाने पट्टी वाचायची, दुसऱ्याने कागद धरायचा आणि जुळलं की कागद जाळायचा. मालकीणबाई म्हणाल्या, हिच्या हाताला वळण आहे. दिवसभर मी हवेत!

८ नोव्हेंबर

एक काका आले. त्यांच्या कुलपात वारलेल्या काकूंचा आवाज आहे. तीनशे रेकॉर्डिंग, बहुतेक काकांवरच तोंडसुख घेतलेलं. चष्मा घरी राहिला होता. म्हणाले, पोरी, तूच वाच. मी ऐटीत वाचलं, पण पट्टीवरून नव्हे, कागदावरूनच. कागद जाळला. ते गेल्यावर, मारताना तेल लावलेले ठसे पुसायला घेतले, तर सातव्याला तेलाचा थेंबही नाही. म्हणजे सहावाच दोनदा मारला. विसरायला नको, शब्द इथे लिहून ठेवते: ‘          ’. उद्या काकांना फोन करते.

९ नोव्हेंबर

मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. फोन केला नाही.

१९ नोव्हेंबर

काकांचा फोन पाण्यात पडला. पट्टीने कुलूप उघडेना. मालकीणबाईंनी मला विचारलं, नीट जुळवलं होतंस ना? मी मान डोलावली. काका उलट माझीच माफी मागू लागले. म्हणाले, कागदावर आपणच चुकीचं उतरवलं असणार. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला. तरी पुढची पट्टी हातात घेतली. बंद फोन ते माझ्या टेबलावर विसरून गेले.

२० नोव्हेंबर

भर दुपारी त्या मेलेल्या फोनमधून बाईचा आवाज. काकांचे पहिले सहा शब्द म्हणाली आणि थांबली. मी बोलावं म्हणून —

२१ नोव्हेंबर

पुन्हा सहा. आज आवाज चिडलेला. बाकी कुणाला ऐकू येत नाही. माझीच लाज, मलाच —

२३ नोव्हेंबर

काकांना बोलावून घेतलं. सगळं कबूल केलं. ते रागावलेही नाहीत. चष्मा लावला, पेन्सिल काढली. शब्द सकाळपर्यंत जिभेवर होता — तोंड उघडलं आणि — नाही. कपाटात तो ठसा गुळगुळीत, अक्षरं पुसलेली. वर धावले, ही वही उघडली. आठ तारखेला कोरी जागा.

काका खाली बसलेत. पेन्सिल हातात. आशेने —

फोन जिन्यातून ऐकू येतोय. सातवा, पोरी, सातवा —

हाताला तरी आठवेल. लिहिते. सातवा शब्द