कोपरा फाटलेला कागद

आई,

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. तुझी पत्रं पोचवायची होती. तू सांगायचीस, मी रोमन अक्षरांत टाइप करायचो, आमचं मशीन ते दिल्लीला द्यायचं, दिल्ली अमेरिकेला, आणि तिथून दादा तीन ओळींचं इंग्रजी उत्तर पाठवायचा. या सगळ्या साखळीत काम प्रामाणिकपणे फक्त मशीन करायचं, आणि पगार मला मिळायचा. मी नक्की काय करतो हे मी तुला शेवटपर्यंत समजावू शकलो नाही. मंगला गौरीच्या गलीत कुणी विचारलं तर तू सांगायचीस, ‘धाकटा कॉम्प्युटरमध्ये आहे,’ जणू मी त्याच्या आत बसलेलो आहे आणि जेवायला तेवढा बाहेर येतो. फार चुकीचं नव्हतं ते.

आत्ता सांगतो, शांतपणे. मी नोकरीला होतो त्या संस्थेच्या तळमजल्यावर एक खोली होती. तिथे माणसांना पंखा नव्हता, मशीनला एसी होता. मशीनमध्ये एक प्रोग्राम होता, त्याला पोस्टमास्तर समज. ठरावीक वेळी तो फोनच्या लाइनवरून दिल्लीचा नंबर फिरवायचा, मोडेम गळा काढायचा, आणि लाइन लागली तर साठलेलं टपाल एका दमात जायचं आणि यायचं. नाही लागली तर पत्रं रांगेत बसून राहायची. बिजली गेली, पावसात केबल भिजली, कुणी रस्ता खोदला, की नव्वदच्या दशकातलं आमचं आधुनिक जग ठप्प. मोठमोठे प्राध्यापक दारात उभे राहायचे, नावेची वाट बघणाऱ्या यात्रेकरूंसारखे. आमचे साहेब पान लावून यायचे आणि विचारायचे, “का हो मराठा, गंगा पार भइल चिट्ठी?” मी म्हणायचो, “नहीं सर, मझधार में अटकी है.” खरं तर ती खोलीच्या बाहेरही पडलेली नसायची.

आणि पत्र अजिबातच पोचलं नाही, तर तो प्रोग्राम लिहिणाऱ्याला स्वतः पत्र पाठवायचा. क्षमा मागायचा. मी इतक्यांदा प्रयत्न केला, समोरून असं असं उत्तर आलं, आता मी थांबतो, तुमचं मूळ पत्र खाली जोडलं आहे. असं एक परत आलेलं पत्र मी तुला पहिल्यांदा वाचून दाखवलं, तेव्हा तू कोळशाच्या अंगीठीसमोर बसून तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “किती रीतीचा माणूस आहे. तुझ्या दादाला म्हणावं, याच्याकडे शिकवणी लाव.” मी म्हटलं, “आई, तो माणूस नाही.” तू म्हणालीस, “तरीच.”

स्वयंपाकघरातला तो कोपरा मला अजून दिसतो. तू सांगते आहेस, मी कागदावर उतरवून घेतो आहे, उद्या ऑफिसात टाइप करण्यासाठी. लिही, गुडघे बरे आहेत. लिही, बरे नाहीत. आधीचं खोड नको, दोन्ही राहू दे, त्याला काय कळायचं ते कळेल. लिही, तिकडे थंडीत कानाला बांधतोस का. मला तू आयुष्यात एक ओळ लिहिली नाहीस. गरजच नव्हती, मी समोरच असायचो, तुझी ओळ दुसऱ्याला लिहीत. दादाची उत्तरं मात्र तुला कागदावर हवी असायची. तोंडी सांगितलेलं तुला चालत नसे. “तू मध्ये गोडवा घालतोस,” म्हणायचीस, आणि घालायचोच मी, त्याच्या तीन ओळींत नाहीतर होतं काय? मग मी खडखडणाऱ्या प्रिंटरवर छापून आणायचो. तू कागदाच्या दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या हळूच सोलून घ्यायचीस, त्या अंगीठी पेटवायला, आणि मधला कागद देवाच्या फडताळात.

आता त्या पौषाबद्दल. दादाकडून दिवाळीपासून काही आलं नव्हतं. तुझं पत्र गेलं, उत्तर नाही. दुसरं गेलं, उत्तर नाही. तिसरं परत आलं. तिकडच्या विद्यापीठाच्या मशीननं कळवलं होतं की या नावाचा कुणी इथे नाही. मी नेहमीसारखं छापलं. प्रिंटरनं कागद तिरका ओढला आणि वरचा उजवा कोपरा चावून ठेवला. दुसऱ्यांदा छापायला हवं होतं, पण तेवढ्यात बिजली गेली, आणि रांगेत पंधरा प्राध्यापक होते. घरी आलो, तू मंदिरात गेली होतीस. कागद दाराजवळच्या कोनाड्यात ठेवला आणि डबा घेऊन रॉकेलच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

बाबा होते, घाटावर उपाध्येपण करत होते, तेव्हा त्यांच्याकडे यजमानांची अशी कार्डं यायची. नागपूरहून, साताऱ्याहून, कोपरा फाडलेली. आपल्या आळीतली पोरंसुद्धा ओळखायची: कोपरा फाटका म्हणजे कुणीतरी गेलं. बाबा ते कार्ड उंबऱ्याच्या आत आणत नसत. बाहेरच उभं राहून वाचायचे, तिथेच फाडायचे, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पंचगंगा घाटावर गंगेत बुडी मारून मगच घरात. तू इतकी वर्षं त्यांचं ओलं धोतर पिळलं होतंस. तुला इंग्रजी वाक्य लागत नसे, पण दादाचं नाव ओळखता यायचं. तुला दिसलं ते एवढंच: अनोळखी लिहिणारा, वर दादाचं नाव, आणि कोपरा नाही.

तू कुणाला विचारलं नाहीस. शेजारच्या काकू मला गलीच्या तोंडाशी भेटल्या. “अरे, तुझी आई अंगीठीवर पाणी ओतून घाटाकडे गेली. हाका मारल्या, वळून बघितलं नाही.” मी डबा तिथेच टाकला. आलमगीर मशिदीखालच्या त्या उभ्या पायऱ्या मी कशा उतरलो ते आठवत नाही. खाली धुकं होतं, पलीकडचा काठ नव्हताच. तू शेवटच्या कोरड्या पायरीवर बसली होतीस, लुगड्यातून पाणी निथळत होतं, आणि नावेतून उतरलेल्या एका मल्लाहानं आपला गमछा तुझ्या खांद्यावर टाकला होता. “भइया, अम्मा सुनत नइखीं,” तो म्हणाला. “केहू गुजर गइल का?”

“आई, दादा आहे,” मी ओरडलो. “काही झालेलं नाही. कोपरा प्रिंटरनं फाडलाय.”

तू माझ्याकडे बघितलंस. “मग कागदात काय लिहिलंय?”

“त्याचं तिथलं खातं बंद झालंय. एवढंच.”

“म्हणजे तो तिथे नाही.”

“नाही.”

“मग कुठे आहे?”

“माहीत नाही.”

“मग आहे, हे कशावरून सांगतोस?”

आता मी पोट भरतो ते लोकांची टर उडवणारं लिहून. नोकरी सुटल्यावर तेच जमलं. समोरच्याचं वाक्य त्याच्यावरच उलटवणं ही माझी रोजीरोटी आहे. पण त्या पायरीवर मी तुला नुसतं धरून उठवलं आणि घरी आणलं. चौकातल्या पीसीओवर गेलो आणि दादाचा होता तो नंबर लावला. टेपवरची एक बाई इंग्रजीत तेच सांगत राहिली, जे मशीननं सांगितलं होतं. ती क्षमाही मागत नव्हती.

त्या संक्रांतीला तू तीळ भाजले नाहीस. सुतक पाळतेस असंही म्हणत नव्हतीस, पाळत नाहीस असंही नाही. फडताळातले त्याचे कागद होते तसेच. मी रोज घरी आलो की तू फक्त विचारायचीस, “लागली का लाइन?” मी म्हणायचो, “लागली.” पुढचं तू विचारायची नाहीस. मी रोज टपाल उतरवून घ्यायचो, सगळ्या संस्थेचं, आणि त्यात आधी तुझं शोधायचो.

शिवरात्रीच्या सुमारास ते आलं. नव्या पत्त्यावरून. तीन ओळी. नोकरी बदलली, गाव बदललं, कळवायचं राहून गेलं, आईचे गुडघे कसे आहेत. मी धावत घरी आलो. या वेळी कागदाचे चारही कोपरे तपासून. तू हातात घेतलास, नाव बघितलंस, कडा सोलल्या नाहीस. “बरं झालं,” म्हणालीस. मी कागद-पेन घेऊन समोर बसलो. “सांग.”

“काय सांग? ज्याच्या नावानं बुडी मारली त्याला पत्र कसं लिहायचं?”

“आई, चुकून मारलीस.”

“बुडी चुकून नसते. तुझे बाबा सांगायचे ना, मेला म्हणून धरलेला माणूस परत आला, तर त्याला नव्यानं जन्माला घालावं लागतं. न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, मुंज करायची. बायकोशी पुन्हा लग्न लावायचं.” मग तांदळाचं ताट पुढे ओढून, “लावू की. या वेळी तरी मला बोलावतील.”

मी हसलो. आळीतही सांगून हसवलं. दादालाही जसंच्या तसं लिहून पाठवलं, आणि त्यालाही गंमत वाटली, तसं त्यानं कळवलं. तू विनोद करत नव्हतीस हे आम्हा दोघांनाही कळलं नाही, निदान त्यानं तसं दाखवलं नाही. ये, एवढंच म्हणत होतीस तू. स्वतः ये, मग तू पुन्हा माझा. तो आला नाही. त्या वर्षी प्रोजेक्ट होतं, पुढच्या वर्षी घर घ्यायचं होतं. आणि तू पुन्हा एकही पत्र सांगितलं नाहीस. मी अंगीठीसमोर बसायचो, सवयीनं. तू तांदूळ निवडायचीस. त्याचे कागद येत राहिले, तू घेत राहिलीस, भोकांच्या पट्ट्यांसकट फडताळात ठेवत राहिलीस.

तू गेलीस त्या उन्हाळ्यात रस्ता खोदला होता आणि संस्थेची लाइन मेलेली होती. दादाला पीसीओवरून फोन केला. तो खूप रडला. इतक्या लवकर तिकीट मिळत नाही म्हणाला, आणि म्हणाला, “मी मेल करतो.” मी सगळं केलं, त्याच घाटावर, त्याच पायरीवर. तेराव्यानंतर लाइन जोडली गेली. साठलेलं टपाल उतरत राहिलं, आणि त्यात त्याचं पत्र होतं. तीन ओळी नव्हत्या. पानंच्या पानं होती, रोमन अक्षरांत, मराठीत, आणि सुरुवातीला लिहिलं होतं, आई. तू गेल्यावर त्याला तुझ्याशी बोलायला सुचलं. मी ते पडद्यावर वाचलं, छापलं नाही. त्याला तेव्हा मी मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते तुला ऐकवणार नाही. आज मीही तेच करतो आहे, तेव्हा दोघे भाऊ एका गोष्टीत सारखे निघालो एवढं समाधान मान.

हे कुठे पाठवायचं नाही. पाठवलं तर तो रीतीचा माणूस क्षमा मागेल आणि परत देईल.

एक सांगायचं राहिलं. रोज सकाळी लाइन तपासायला मला स्वतःलाच एक पत्र पाठवावं लागायचं, दिल्लीला जाऊन परत माझ्याकडे येईल असं. सगळे त्यात ‘टेस्ट’ लिहितात, मीही लिहायचो. तू पत्रं सांगणं थांबवलंस, त्यानंतर एक दिवस मी त्यात तुझ्याकडून लिहिलं, ‘जेवलास का’. कधी ते लगेच परत यायचं, कधी दुसऱ्या दिवशी, भिजल्या केबलमधून. मशीन भंगारात निघेपर्यंत रोज तेच लिहिलं. साहेबांनी एकदा पडद्यावर बघून विचारलं, “ई का लिखे हो?” मी म्हटलं, “कुछ नहीं सर, लाइन देख रहा हूँ.”

उत्तर मी कधी दिलं नाही. टेस्टला देत नाहीत.