चौथ्या मजल्यावरचा कॉक आणि माझ्या खोलीतले तेरा अंश

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
उष्णता पुरवठा शाखा,
घरव्यवस्थापन कार्यालय.

विषय : श्री. त्यागुनोव यांच्या रेडिएटरचा जोडपाइप गुरुवारपर्यंत पूर्ववत करण्याबाबत.
संदर्भ : माझे दि. १८ नोव्हेंबर व ९ डिसेंबरचे अर्ज. त्यांवर आलेली 'तापमान समाधानकारक' अशी आपली दोन उत्तरे.

महोदय,

मी, कपितोलिना येगोरोव्ना शुबिना, निवृत्त भूगोल शिक्षिका, सादर करते की, बाहेर उणे सत्तावीस असताना माझ्या खोलीत तेरा अंश आहेत. माझी मुलगी लीदिया शनिवारी बाळंत झाली. शुक्रवारी ती बाळाला घेऊन माझ्याकडे येणार, कारण जावई उत्तरेत तेलविहिरीवर आहे आणि तिला दुसरे घर नाही. दवाखान्याच्या परिचारिकाबाई खोली पाहून गेल्या. म्हणाल्या, "बावीस अंश नसतील तर बाळ इथं आणायचं नाही."

आमच्या इमारतीत खोल्या तापवणारे गरम पाणी आधी चौथ्या मजल्यावर चढते आणि तिथून एकाच पाइपाने एकेक रेडिएटर करत खाली उतरते. त्यामुळे वर उकाडा आणि खाली गारठा हे चाळीस वर्षे चालत आले आहे. वरच्यांनी खिडकी उघडावी, खालच्यांनी स्वेटर चढवावा, एवढे सगळ्यांना कळत होते. गेल्या ऑक्टोबरात चौथ्या मजल्यावरच्या श्री. त्यागुनोव यांनी सुधारणेचे मनावर घेतले. रेडिएटरवर कॉक बसवला आणि त्याला वळसा घालून जाणारा जोडपाइप अडगळ समजून कापून टाकला. आता त्यांना उकडले की ते कॉक बंद करतात, आणि खालच्या सगळ्यांचे पाणी जागच्या जागी थांबते. मी विनंती करायला गेले तर म्हणाले, "कपितोलिना येगोरोव्ना, माझ्या घरात मी कॉक बंद केला तर तुमच्या पोटात का दुखतं?" पोटात नव्हे, गुडघ्यात दुखते, हे मी त्यांना सांगितले. तिसऱ्या मजल्यावरचे लोक हिवाळाभर मुलाकडे गेले आहेत आणि पहिल्यावर दुकान आहे, त्यामुळे बोंब मारायला मी एकटीच उरले.

पहिल्या अर्जावरून आपले निरीक्षक श्री. कोपितोव आले. अशा थंडीतून आलेल्या माणसाला नुसते कसे परत पाठवायचे, म्हणून मी कोबी भरलेले पाव भाजले. ओव्हन दोन तास चालू होता. तापमापकावर एकवीस अंश दिसले. त्यांनी सहा पाव खाल्ले, "हाताला चव आहे हो तुमच्या," म्हणाले आणि 'समाधानकारक' असे लिहिले. खाणाऱ्या पाहुण्याशी वाद नको म्हणून मी सही केली. ही चूक माझी, मान्य आहे.

दुसऱ्या वेळी मी ओव्हन लावला नाही, चहासुद्धा विचारला नाही. त्याची लाज मला अजून वाटते. परंतु तपासणीची सूचना आपल्या कार्यालयाने तीन दिवस आधीच जिन्याच्या दारावर चिकटवली होती, आणि श्री. त्यागुनोव यांना वाचता येते. त्या दिवशी कॉक पूर्ण उघडा होता. शिवाय श्री. कोपितोव यांनी पहिल्या भेटीची आठवण ठेवून 'घर तापवण्यासाठी ओव्हनचा वापर' असा शेरा मारला आणि गॅसवाल्यांनी माझ्या ओव्हनला सील ठोकले. निदान आता खोटे तापमान दाखवण्याचा आरोप माझ्यावर कोणी करू शकणार नाही.

महोदय, मी थकले आहे. गुरुवारपर्यंत फिटर पाठवून जोडपाइप बसवावा, आणि कृपा करून त्याची सूचना दारावर लावू नये.

हे न जमल्यास मी सोय पाहून ठेवली आहे. काल आपल्या कार्यालयाच्या बाहेरच्या खोलीत मी दोन तास बसले. भिंतीवरच्या तापमापकात सव्वीस अंश होते, खिडकी सताड उघडी होती आणि आपल्या कारकूनबाई माझ्याच अर्जाने वारा घेत होत्या. बाळाला इथेच आणते, असे मी त्यांना म्हटले. "आणा की आजी, आम्ही तर उकडून निघालोय," असे त्या म्हणाल्या. ही परवानगी मी ग्राह्य धरली आहे. शुक्रवारी दुपारी बारा वाजता लीदिया, बाळ आणि मी येत आहोत. खिडकी तेवढी लावून घ्यावी.

उत्तराची नव्हे, फिटरची वाट पाहणारी,
आपली नम्र,
क. ये. शुबिना
लितेयनाया मार्ग, इमारत १४, दुसरा मजला
दि. २० जानेवारी २००४

सोबत :
१) ऑक्टोबरपासूनच्या तापमानाची वही
२) परिचारिकाबाईंची चिठ्ठी
३) पाळण्याची मापे